वैशाखाचा वारा, ओला माठ आणि बाजेवरचे वाळवण

१/ यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी हे अरुणावतीच्या काठचे तालुक्याचे ठिकाण. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांजवळ पोहोचतो. सकाळी आणलेला सांबार, म्हणजेच कोथिंबीर, दुपारपर्यंत माना टाकतो. मग फ्रीज नसलेल्या काळात एका आठवडी बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत घरोघरी भाजी टिकत होती कशी?

२/ तोडल्यानंतरही भाजी जिवंत असते. ती श्वसन करते, साठवलेली साखर खर्च करते आणि पाणी गमावते. उष्णता वाढली की या साऱ्याला वेग येतो. त्यामुळे भाजी टिकवण्याचे मार्ग दोन: तिला गार ठेवून तिचे पाणी जपावे, अथवा ते पाणी पुरते काढून टाकावे.

३/ पहिला मार्ग माठाचा. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते, म्हणून माठ गार राहतो. पालेभाजी ओल्या फडक्यात गुंडाळून रांजणाच्या गारव्याला ठेवण्यामागे हेच तत्त्व होते. विदर्भातला वाळ्याचा कूलरही याच तत्त्वावर चालतो.

४/ १९८० च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत या तत्त्वाला शास्त्रीय घाट मिळाला. विटांच्या दोन भिंती, मधल्या पोकळीत वाळू आणि त्या वाळूवर रोज पाणी. हा ‘शून्य ऊर्जा शीतकक्ष’ विजेवाचून चालतो. पुढे १९९५ च्या सुमारास नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी एका मडक्यात दुसरे मडके ठेवून व मधे ओली वाळू भरून तेच साधले.

५/ दुसरा मार्ग वाळवणाचा. माघ-फाल्गुनात स्वस्त झालेली वांगी चिरून, मेथी निवडून, गवार मोडून उन्हात पडे. कोहळ्याचे सांडगे, कैरीची आंबोशी, ताकामिठात मुरवलेल्या मिरच्या बाजेवर जुन्या लुगड्याखाली वाळत. ओलावाच उरला नाही की बुरशी व जिवाणूंना वाढता येत नाही. मीठही तेच काम करते. हे कष्ट जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे होते.

६/ येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. भाजी सुकवणारा वैशाखाचा कोरडा वाराच माठ गार करतो आणि वाळवणही तोच करतो. जो शत्रू, तोच साधन.

७/ मात्र या साधनाला मुदत होती. मृगाच्या सरी आल्या की हवा दमट होते, बाष्पीभवन मंदावते. माठाचा गारवा कमी होतो, कूलर चिकट हवा फेकू लागतो, वाळवणाला बुरशी येते. म्हणून सारी लगबग रोहिणी नक्षत्र सरण्याआधी उरकली जाई. पेरणीच्या दिवसांत, शेतात भाजी नसताना, घराचा आधार डब्यातल्या त्या सुक्या फोडींचा असे.

८/ १९५८ मध्ये गोदरेजने भारतात फ्रीज बनवला. दूध, शिजलेले अन्न आणि पावसाळ्यातली भाजी यांचा जो प्रश्न माठाला सुटला नव्हता, तो या यंत्राने सोडवला. परंतु फ्रीजला अखंड वीज लागते. भर उन्हाळ्यात तासन्‌तास वीज गेली, की आजही ओले फडके व माठ कामी येतात, आणि तेही नेमके त्याच कोरड्या ऋतूत, ज्यात ते सर्वाधिक गारवा देतात. (समाप्त)