कार्डाची मागची बाजू : स्वीकृतीच्या निकषांची वाटचाल

सॉफ्टवेअरचे एखादे काम पुरे झाले की नाही हे ज्या अटींवरून ठरते आणि ज्या काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवल्या जातात, त्यांना स्वीकृतीचे निकष म्हणतात. रोजच्या बोलण्यात अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया. अशा अटी पूर्वीही असत, पण त्या कराराचा भाग असत. जाडजूड आवश्यकतापत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हायच्या, प्रोग्रामर कित्येक महिने काम करत राहायचे आणि शेवटी ग्राहकाची माणसे तपासायला बसायची. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत या शेवटच्या टप्प्याला आजही यूएटी, म्हणजे वापरकर्त्याची स्वीकृती चाचणी, म्हणतात आणि ‘साइन-ऑफ’पायी पुष्कळदा बिल अडून बसते. या पद्धतीचा मोठा दोष असा, की गैरसमज उघडा पडायचा तो दुरुस्ती सर्वांत महाग झाल्यावर.

हा क्रम मोडण्याचा गाजलेला प्रयत्न क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीच्या पगारप्रणालीत झाला. ‘सी-थ्री’ नावाच्या त्या प्रकल्पात प्रोग्रामर केंट बेक १९९६ मध्ये आले. १९९७ मध्ये प्रणाली सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागली. २००० मध्ये प्रकल्प बंद झाला, पण त्यातून घडलेली ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही पद्धत टिकली. बेक यांचे तिच्यावरचे पुस्तक १९९९ मध्ये आले. आवश्यकतापत्राऐवजी तिथे लहानशी कार्डे होती. एका कार्डावर ग्राहकाची एक गरज दोन-तीन ओळींत लिहायची. हीच युजर स्टोरी. सविस्तर काही लिहायचे नाही, कारण ग्राहक त्याच खोलीत बसलेला असे आणि कोणती चाचणी पास झाली की काम मान्य, हे तोच सांगे.

२००१ मध्ये बेक यांचे सी-थ्रीतले सहकारी रॉन जेफ्रीज यांनी या व्यवहाराची तीन अंगे मांडली : कार्ड, संवाद आणि खातरजमा. कार्ड म्हणजे बोलण्याची नुसती आठवण, खरी माहिती बोलण्यातून यायची, आणि ठरलेले चाचणीने पक्के व्हायचे. लंडनच्या कनेक्स्ट्रा कंपनीत ‘अमुक म्हणून मला अमुक हवे, म्हणजे अमुक होईल’ हा साचा त्याच सुमारास रुळला. माइक कोन यांच्या २००४ च्या पुस्तकाने तो जगभर नेला. कार्डाच्या पुढच्या बाजूला गोष्ट आणि मागच्या बाजूला तपासायचे मुद्दे, ही सवयही त्यानेच पसरवली.

पुढची पायरी होती ती हे मुद्दे यंत्राला वाचता येतील असे लिहिण्याची. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या ‘फिट’मध्ये ग्राहक तक्त्यात उदाहरणे भरी आणि प्रोग्राम ती पडताळून पाही. डॅन नॉर्थ आणि ख्रिस मॅट्स यांनी प्रत्येक निकषाला तीन भाग दिले : आधीची स्थिती, घडलेली कृती आणि अपेक्षित परिणाम. हाच साचा २००८ मध्ये आस्लाक हेलेसॉय यांच्या क्युकंबर या साधनाने उचलला. त्याच्या गर्किन या लेखनपद्धतीत पुष्कळ भाषांचे बीजशब्द आहेत आणि त्यांत मराठीही आहे.

या साच्याचे बळ आणि मर्यादा एका कल्पित उदाहरणात नीट दिसतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेवर, एका मराठी कापडदुकानदाराला उधारीचे खाते फोनवर हवे आहे असे समजू. निकष असा लिहिता येतो : जर ग्राहकाच्या नावावर ३,२०० रुपयांची उधारी असेल, जेव्हा तो २,००० रुपये भरेल, तेव्हा खात्यावर १,२०० रुपये बाकी दिसावी. वाक्य बिनचूक आहे, चाचणीही सहज लिहिता येते. पण त्याच ग्राहकाची दोन बिले असली, एक दिवाळीचे आणि एक लग्नाच्या बस्त्याचे, तर भरलेले पैसे कोणत्या बिलात वळते करायचे? जुन्यात आधी, की ग्राहक सांगेल त्यात? प्रोग्रामरला हे ठाऊक नसते. दुकानदाराच्या ते इतके अंगवळणी पडलेले असते, की विचारल्याशिवाय तो बोलत नाही. निकषाचा खरा ऐवज या प्रश्नात आहे. जर-जेव्हा-तेव्हा नंतर येते.

क्युकंबरच्या प्रसारात नेमके हेच अनेक ठिकाणी मागे पडले. चाचणी करणारे एकटेच बसून असे शेकडो निकष लिहू लागले, ग्राहकाने ते कधी वाचलेच नाहीत, आणि पडद्यावरचे एक बटण हलले तरी डझनभर चाचण्या मोडू लागल्या. कार्डे जिरासारख्या कामे नोंदवण्याच्या प्रणालीत गेली. मागची बाजू म्हणजे भरायचा एक रकाना झाली.

आता निकषावरून कोड लिहिण्याचे कामही एआयकडे जाऊ लागले आहे. पण वर्णनावरून यंत्राने कोड लिहावा, ही कल्पना आजच्या भाषामॉडेलांच्या आधीची आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये मॉडेलवरून कोड निर्माण करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले. अशा साधनाला काटेकोर चिन्हभाषेतले मॉडेल लागते आणि त्यात मोठी फट राहिली तर ते अडते. भाषामॉडेलवर चालणारा एजंट साधे वाक्य घेतो आणि फट आपल्या अंदाजाने बुजवतो. नई सडकेच्या उदाहरणात तो बहुधा ‘जुने बिल आधी’ असे गृहीत धरेल, तसा निकष लिहील, तसाच कोड आणि तशीच चाचणी लिहील. सगळे हिरवे दिसेल आणि दुकानदाराला कोणी विचारलेलेच नसेल.

मोघम वर्णनाची किंमत मोजलीही गेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या एसडब्ल्यूई-बेंच या कसोटीत एजंटांना खऱ्या प्रकल्पांतल्या तक्रारी सोडवायला देतात आणि उत्तर चाचण्यांवर घासून पाहतात. ओपनएआयने ९३ प्रोग्रामरांकडून त्यातली १,६९९ कामे तपासून घेतली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. ३८.३ टक्के कामांत मूळ वर्णनच अपुरे होते, ६१.१ टक्के कामांतल्या चाचण्या बरोबर उत्तरालाही चूक ठरवू शकतील अशा होत्या. या तपासणीतून निवडक ५०० कामांचा वेगळा संच केला गेला.

एजंटांच्या साधनांत २०२५ मध्ये निकष पुन्हा कोडच्या आधी आले. अ‍ॅमेझॉनच्या कीरो या साधनाने त्यासाठी ‘इअर्स’ हा वाक्यसाचा घेतला. अ‍ॅलिस्टर मेविन आणि सहकाऱ्यांनी तो रोल्स-रॉइसमध्ये विमानाच्या इंजिनांच्या कामातून घडवून २००९ मध्ये मांडला होता. गिटहबच्या स्पेक किट या साधनाने नॉर्थ यांचा तीन भागांचा साचा ठेवला आणि त्यात एक मोलाची भर घातली : जिथे वर्णन अपुरे आहे तिथे एजंटाने अंदाज न बांधता ‘खुलासा हवा’ अशी खूण करायची. या खुणांची उत्तरे माणसाने दिल्यावरच काम पुढे नेणे, चाचण्या कोड लिहिणाऱ्या एजंटाकडे न सोपवणे आणि निकषातला प्रत्येक बदल कोणी मान्य केला याची नोंद कोडशेजारीच ठेवणे, हे एजंट वापरणाऱ्या संघांनी पाळायच्या किमान शिस्तीचे भाग आहेत.