काकडीच्या सँडविचचं कूळ

दुपारी चारला चहाचं आधण ठेवलं की बेळगाव-निपाणीकडे चिरमुऱ्यांचा डबा उघडतो. पाहुणे यायचे असले, तर काकडीची सँडविचं होतात. ही इंग्रजांची देणगी, असं आपण सहज म्हणतो. पण एकेका जिनसाचं कूळ विचारलं, की वाटा फुटतात.

नाव इंग्रजीच. जॉन माँटेग्यू या सँडविचच्या चौथ्या अर्लवरून ते पडलं. इतिहासकार गिबनच्या १७६२च्या रोजनिशीत ते पहिल्यांदा लिहिलेलं सापडतं. पुढे १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅनाने दुपारच्या चहाची चाल पाडली, असं सांगतात. बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला होता, छावणी वसली होती. अशा छावण्यांतूनही साहेबी चहापान या देशात रुजलं.

पाव मात्र घाटाखालचा. शब्द पोर्तुगीज. गोव्याचे पदेर, म्हणजे पाववाले, माडाच्या सुरेने पीठ फुगवीत. आपण आजही चौकोनी कापांना ‘ब्रेड’ आणि गोल, लुसलुशीत असेल त्याला ‘पाव’ म्हणतो. दोन वाटांची ही खूण जिभेवर राहिली आहे. चटणीतली मिरचीही अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्याच गलबतांतून आलेली.

आणि काकडी? तिचा रानटी पूर्वज हिमालयाच्या पायथ्याचा, नाव संस्कृत ‘कर्कटी’वरून आलेलं. इंग्लंडच्या थंडीत ती काचेखाली जपून वाढवावी लागे, म्हणून सरदारांच्या ताटात तिला मान मिळाला. तो मान घेऊन ती माहेरी परतली.

कृतीतलं शहाणपण जुनंच आहे. चकत्यांना मीठ लावून सुटलेलं पाणी फडक्याने टिपायचं. ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावायचं, कारण स्निग्ध थर ओल अडवतो. लोण्यावर कोथिंबीर-मिरचीची घट्ट वाटलेली चटणी. ती चटणी आपली, आणि त्या घासाची खरी चवही तिचीच.

शेवटी कडा कापायच्या. चहापानाच्या रिवाजात त्यांना जागा नाही. आमच्याकडे त्या डब्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी मोहरी, कांदा, कढीपत्त्यावर परतून त्यांचा फोडणीचा ब्रेड होतो. दूरदूरचे जिन्नस घरचे होतात ते तिथे, त्या कढईत.