टेलिफोन व पेढ्यांचीं दप्तरें

बुलढाणा जिल्ह्यांत उंद्री, खामगांव या बाजूस पेढ्यांचीं दप्तरें शोधणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पेढीवर टेलिफोन बसला कीं भावताव कागदावर न राहतां तोंडीं होऊं लागतो व पत्रांचे रुमाल रोडावतात. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं एक्स्चेंज सुरू झालें. कलकत्त्यास प्रारंभीं ग्राहक अवघे ९३. पेढीची तार एक्स्चेंजच्या स्विचबोर्डापर्यंत जाई व तेथील मनुष्य दोन तारा हातानें जोडी, तेव्हां संभाषण घडे. पुढें व्यापाऱ्यांनीं असाच लहान स्विचबोर्ड कचेरींतच बसवून बाहेरच्या एक-दोन तारांवर अनेक मेजें जोडलीं. कोणती तार कोणाच्या मेजावर, ही यादी मात्र लिहावीच लागे. आमच्या मतें ती यादी अस्सल साधन होय. मालक, मुनीम, गोदाम यांचा परस्परसंबंध तींतून उघड दिसतो. मोडी पत्रें जपणारे आम्ही असले कागद खुशाल रद्दींत घालतों!

लहान गांवांची सोय फार मागाहून झाली. सी-डॉटचें १२८ तारांचें ग्रामीण एक्स्चेंज कर्नाटकांत कित्तूर येथें सुरू झालें तें १९८६ सालीं. तेव्हां उंद्रीच्या बाजूस व्यापारी पत्रव्यवहार मुंबईहून पुष्कळ काळ अधिक चालला असावा. ते रुमाल अद्याप माळ्यांवर सांपडण्याचा संभव आहे.