चार अटी आणि एक पहाट : वऱ्हाडातील ध्यासवेड्यांचे संसार

१/
चिखलदऱ्याला गेलेला इतिहासप्रेमी गाविलगड पाहिल्याशिवाय परतत नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, खालच्या मैदानातील सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच डोंगराच्या दोन अंगांना आणखी एक इतिहास घडला. तो घरातला आहे. एखाद्या ध्यासाने झपाटलेल्या माणसाबरोबर संसार कसा करायचा, हा त्याचा विषय. #थ्रेड

२/
पठाराच्या दक्षिणेला वऱ्हाडची काळी माती पसरलेली आहे. तेथे अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे. पठाराच्या पाठीमागे मेळघाटचे जंगल, कोरकूंच्या वस्त्या आणि त्यांतलेच एक बैरागड. शेंडगावात जन्मलेल्या एका माणसाने १९०५ मध्ये लोकांसाठी घर सोडले. सुमारे ऐंशी वर्षांनी, लोकांसाठीच, एका डॉक्टरने बैरागडात बिऱ्हाड केले. वेड एकाच जातीचे होते. फरक पडला तो एका साध्या प्रश्नाने : घरच्या माणसाला कोणी विचारले होते का?

३/
डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, परीट कुटुंबातला. दारूने वडिलांचा संसार आणि जीव दोन्ही घेतले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या माहेरगावी आली. मुलगा गुरे राखत, नांगर धरत मामाच्या घरी वाढला. पुढे सावकारी कर्जात मामाची शेती गेली. कर्ज, दारू आणि अडाणीपणा माणसाचे काय करतात, याचे शिक्षण डेबूजींना घरातच मिळाले.

४/
१८९२ मध्ये त्यांचे कुंताबाईंशी लग्न झाले. त्या काळच्या रीतीने हा विवाह वडीलधाऱ्यांनी ठरवला. डेबूजी कष्टाळू, निर्व्यसनी, भजनात रमणारे. जावई म्हणून कोणालाही आवडावे असेच. परंतु रूढीला बगल देण्याची खोड तेव्हाच दिसू लागली होती. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. पंगत नाराज झाली. अशा नाराजीची झळ पुढे पाणवठ्यावर आणि सोयऱ्यांच्या घरी बायकांनाच सोसावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

५/
१ फेब्रुवारी १९०५. पहाटेच्या अंधारात डेबूजी घराबाहेर पडले. मागे आई, पत्नी आणि लहान मुले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि मातीचे फुटके गाडगे. पुढची बारा वर्षे ते गावोगाव फिरले. गावात शिरताच आधी खराट्याने रस्ते झाडायचे, मग भाकर मागायची आणि रात्री कीर्तनातून कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला, असे सांगायचे. लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले.

६/
बाबांच्या चरित्रात ही पहाट महाभिनिष्क्रमणासारखी रंगवली जाते. दापुऱ्यातील त्या घरातून पाहिले तर ती निराळी दिसते. कर्ता पुरुष न सांगता गेला. सासू आणि मुले पदरात. नवरा हयात आहे की नाही, याचा पत्ता नाही. कपाळाला कुंकू, पण कुंकवाचा आधार नाही. अशा स्त्रीला गावात विधवेची सहानुभूती मिळत नाही आणि सुवासिनीचा मानही मिळत नाही. डेबूजींचा त्याग त्यांनी स्वतः निवडला होता. कुंताबाईंचा त्याग त्यांच्यावर येऊन पडला.

७/
पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचनला पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नदीवर घाट नव्हता आणि भाविक चिखलात घसरत. बाबांनी तेथे लोकांना हाताशी धरून घाट उभा केला. या यात्रेत घरच्यांना त्यांचे दर्शन घडे. ते घरी मात्र परतले नाहीत. यात्रेकरूंना ज्यांच्या हातून निवारा मिळत होता, त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र त्यांची वाट पाहिली जात होती.

८/
पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपयांच्या देणग्या आल्या. बाबांचा नियम कडक होता : यातल्या एका पैवरही आपल्या नातलगांचा हक्क नाही. सार्वजनिक पैशाबाबत इतकी स्वच्छता महाराष्ट्रात क्वचितच दिसते, आणि म्हणूनच लोकांनी डोळे मिटून देणग्या दिल्या. याच नियमाची दुसरी बाजू अशी की, पतीचा लौकिक वाढत गेला, पण पत्नीच्या चुलीवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

९/
१९२३ मध्ये मुलगा गोविंद वारला. त्या वेळी बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवले नाही. हा प्रसंग शंभर वर्षे वैराग्याचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि तो दाखला खराही आहे. पण त्या रात्री मुलाची आई कीर्तनात नव्हती. तिच्यापुढे टाळ वाजत नव्हते आणि समोर हजारोंचा समुदाय बसलेला नव्हता. वैराग्याला श्रोते मिळाले. शोक एकट्या आईच्या वाट्याला आला.

१०/
यातून बाबांचे कार्य उणे ठरत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला, तेव्हा मागे स्वतःचे म्हणून घर नव्हते. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे, ते यथायोग्यच आहे. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या माणसाला मराठीत थोडे हसून, थोडे कौतुकाने नावाजतात. त्या म्हणीतील ‘घरचे’ कोण पुरवते, हे मात्र म्हण सांगत नाही. बाबांच्या बाबतीत ते कुंताबाईंनी पुरवले, अनेक वर्षे आणि न विचारता.

११/
हे केवळ वऱ्हाडातच घडले असे नाही. डेबूजींनंतर पाच वर्षांनी, नोव्हेंबर १९१० मध्ये, रशियात ८२ वर्षांचे लिओ टॉलस्टॉय असेच पहाटेपूर्वी घरातून निघून गेले आणि काही दिवसांतच अस्तापोवो या रेल्वे स्थानकावर वारले. पत्नी सोफियाने त्यांच्या तेरा मुलांना जन्म दिला होता, ‘युद्ध आणि शांती’ची हस्तलिखिते स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा उतरवली होती. मालमत्तेचा त्याग करण्याचा त्यांचा ध्यास तिला मानवला नाही. फरक एवढाच की सोफियाने रोजनिशी लिहिली. त्यामुळे जगाला तिची बाजू कळली.

१२/
मराठीत हे भाग्य लक्ष्मीबाई टिळकांना लाभले. कवी नारायण वामन टिळक तापट, उदार आणि लहरी होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी पत्नीला न सांगता मुंबईत बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांची ताटातूट, अपमान आणि तळमळ सोसून लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. १९३४ पासून भागाभागाने आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी पतीचे सगळे विक्षिप्तपण हसत हसत मांडले. जिला शब्द मिळाले, तिचे सोसणे इतिहासात आले. कुंताबाईंचे आत्मचरित्र नाही, आणि बाबांच्या चरित्रात त्यांना काही ओळी मिळतात.

१३/
कुंताबाईंच्या पुढच्याच पिढीत, त्याच टापूत, चित्र पालटू लागले. मूर्तिजापूरला १९०१ मध्ये जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, आणि अमरावतीला १९०४ मध्ये जन्मलेल्या कुसुम जयवंत यांनी १९२० च्या दशकात एकमेकांना पत्रे लिहिली. जाती निराळ्या असल्याने विवाहाला विरोध होता. कुसुम उच्च शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि इकडे थांबायचे काम अनिलांकडे आले. १९२९ मध्ये दोघांचा विवाह झाला.

१४/
पुढे दोघेही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले : अनिल १९५८ मध्ये मालवणला, कुसुमावती १९६१ मध्ये ग्वाल्हेरला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्याच वर्षी त्या गेल्या. १९७२ मध्ये ‘कुसुमानिल’ या नावाने ती पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांचे ऐतिहासिक मोल प्रेमापुरते नाही. जोडीदाराचा स्वभाव, आवडी आणि ध्यास लग्नाआधीच जाणून घेण्याची संधी वऱ्हाडातल्या एका मुलीला मिळाली होती, याचा तो लेखी पुरावा आहे.

१५/
आता पठाराच्या पाठीमागे, मेळघाटात. शेगावला जन्मलेले डॉ. रवींद्र कोल्हे यांनी १९८५ मध्ये नागपुरात वैद्यकीय पदवी घेतली. जेथे डॉक्टर नाही तेथे जायचे, हे त्यांनी आधीच ठरवले होते. त्यांनी बैरागड निवडले. बस हरिसालपर्यंत जाई, पुढची चाळीस किलोमीटरची वाट पायी. एके दिवशी स्फोटात हात गमावलेला माणूस तेरा दिवसांनी त्यांच्यापाशी आला आणि आपले ज्ञान अपुरे असल्याचे त्यांना कळून चुकले. ते परत जाऊन एम. डी. झाले. मेळघाटातले कुपोषण हाच प्रबंधाचा विषय.

१६/
मग त्यांनी लग्नाचे मनावर घेतले. मुलींपुढे त्यांनी चार अटी ठेवल्या : चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीने होईल, महिना चारशे रुपयांत घर चालवावे लागेल, आणि स्वतःसाठी नाही पण दुसऱ्यांसाठी भीक मागायची तयारी हवी. चारशेचा हिशोब सरळ होता : रुग्णामागे एक रुपया, महिन्याला चारशे रुग्ण. अनेक मुलींनी नकार दिला. नागपुरात दवाखान्याचा उत्तम जम बसलेल्या डॉ. स्मिता यांनी होकार दिला.

१७/
या अटी विक्षिप्त होत्या. कडकही होत्या. शिवाय अटी घालणारा पुरुष आणि पाळणारी स्त्री, ही जुनीच मांडणी त्यांतही दिसते. तरीही १९०५ च्या पहाटेपेक्षा येथे एक गोष्ट मूलतः वेगळी आहे. ध्यास लपवलेला नव्हता. त्याची किंमत रुपयांत आणि किलोमीटरांत आधीच सांगितलेली होती. नाही म्हणण्याची मोकळीक होती, आणि ती पुष्कळांनी वापरली. म्हणूनच स्मिता यांच्या होकाराला वजन आले.

१८/
खरी कसोटी पहिल्या बाळंतपणात लागली. गावातल्या बायकांची बाळंतपणे होतात तसेच हेही बैरागडात, रवींद्र यांच्या हातून झाले. बाळाला न्यूमोनिया, रक्तात जंतुसंसर्ग आणि मेंदूज्वर झाला. अकोल्याला हलवा, असे लोकांनी सुचवले. रवींद्र यांनी निर्णय स्मिता यांच्यावर सोपवला. गावातल्या लेकरांना जे उपचार मिळतात तेच आपल्या बाळाला, असे त्यांनी ठरवले. बाळ वाचले. स्त्रियांच्या हक्कांबद्दल बोलणाऱ्या या बाईंना सुरुवातीला दूर ठेवणारे गाव त्यानंतर त्यांचे झाले.

१९/
हा निर्णय योग्य होता का, यावर आजही दोन मते होतील, आणि व्हावीत. बाळ दगावले असते, तर हीच गोष्ट फार निराळ्या सुरात सांगितली गेली असती. पण इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय बाब अशी की, निर्णय आईच्या हाती होता. खारेपाटणच्या रात्री गोविंदच्या आईच्या हाती काहीच नव्हते.

२०/
पुढे ध्यासाचे स्वरूपच बदलले, कारण तो दोघांचा झाला. मुले न्यूमोनिया, हिवताप आणि हगवणीने मरतात. पण त्यामागे हिवाळ्यात अंगावर कपडा नसणे आणि पावसाळ्यात हाताला काम नसणे हे खरे कारण आहे, हे त्यांना उमगले. मग शेती, गुरांचे उपचार, रेशनचे दुकान अशी कामे दवाखान्याला जोडली गेली. बांधकाममंत्री आले आणि राहते घर पाहून चांगले घर बांधून देतो म्हणाले, तेव्हा स्मिता यांनी घराऐवजी रस्ते मागितले. २०१९ मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती दोघांना मिळून.

२१/
शेंडगाव आणि बैरागड यांच्यामध्ये चिखलदऱ्याचे पठार आहे, आणि त्यांच्या काळामध्ये स्त्रीशिक्षणाचे शतक आहे. डेबूजींना पत्नीशी बोलावेसे वाटले असते, तरी त्या काळाने त्यांना तशी भाषा दिली नव्हती. चार अटी मांडता आल्या, कारण ऐकणारी स्त्री स्वतः शिकलेली, कमावती आणि नकार देऊ शकणारी होती. जोडीदाराचे वेड सोसावे की सोडावे, हा प्रश्न ‘विचार’ मिळाल्यावरच पडतो. ज्यांना विचारलेच गेले नाही, त्यांच्यापुढे सोसणे एवढेच उरते.

२२/
चिखलदऱ्याच्या कड्यावरून हिवाळ्यातल्या निरभ्र सकाळी खालचे मैदान दिसते. त्या मैदानातील एका पहाटेने महाराष्ट्राला संत दिला, आणि एका घराला रिकामा उंबरठा. पहिल्या गोष्टीची स्मारके गावोगाव आहेत. दुसरीचे स्मारक उभारायचे तर दगड-विटा लागत नाहीत. पुढच्या वेळी १ फेब्रुवारी १९०५ ही तारीख सांगताना ‘बाबांनी घर सोडले’ एवढ्यावर न थांबता ‘आणि कुंताबाईंनी ते सांभाळले’ हे अर्धे वाक्य जोडले, तरी पुरे.