नावाआधीची अक्षरं

कुंडलच्या चौकात उभं राहून ‘बापू’ अशी हाक मारली, तर तीन-चार जण तरी मागे वळून बघतील. घरात, भावकीत तेवढं नाव पुरतं. पण ‘जी. डी. बापू’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येतो, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे गणपती दादा लाड. नाव पंचक्रोशीत फिरू लागलं की त्याआधी ओळखीची दोन अक्षरं लागतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिणाऱ्यांनाही हेच करावं लागलं.

कर्नेल मुख्यतः सी भाषेत लिहिलेला असतो, आणि सी भाषेत नावांना वेगळे वाडे नाहीत. फंक्शन एका फाइलीपुरतं असेल तर त्याआधी ‘स्टॅटिक’ लिहून ते घरातच ठेवता येतं. सगळ्यांनी वापरायचं असेल, तर मात्र त्याचं नाव साऱ्या कर्नेलात एकमेव लागतं. दोन फाइलींत सारखंच नाव निघालं की लिंकर जुळणी थांबवतो.

सुरुवातीला नावाला जागाच थोडी होती. १९७८ साली कर्निगन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आलं, तेव्हा पीडीपी-११ या यंत्रावर सामायिक नावाची पहिली सातच अक्षरं धरली जात. युनिक्सची जुनी नावं त्या तंगीत घडली. ‘ब्रेड’ म्हणजे ब्लॉक रीड, डिस्कवरचा एक ठोकळा वाचणं. ‘नेमआय’ म्हणजे नावावरून आयनोड, अर्थात फाइलीची नोंद, शोधणं. ‘आयगेट’ने ती नोंद घ्यायची आणि ‘आयपुट’ने परत करायची. घेतलेलं परत ठेवावं, हा व्यवहारही नावातच बांधलेला.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं तेव्हा ही नावं वारशाने आली. फाइलीचा मार्ग शोधणारा लिनक्सचा कोड आजही ‘नेमआय’ नावाच्या फाइलीतच आहे. ‘ब्रेड’ची मात्र पुढे वाटणी झाली. फाइलसिस्टीमवाल्यांसाठी सुपरब्लॉकची आद्याक्षरं लावून ‘एसबी_ब्रेड’ आलं, आणि डिव्हाइस स्वतः हाती देणाऱ्यांसाठी ‘__ब्रेड’.

नावाआधीच्या या दोन अंडरस्कोरचा अर्थ एका साध्या यादीत नीट दिसतो. ‘लिस्ट_ॲड’ नवा घटक यादीच्या तोंडाशी जोडतं, ‘लिस्ट_ॲड_टेल’ शेपटीशी. दोघांचं खरं काम एकच. शेजारचे दोन दुवे सोडवायचे आणि मधे नवा गुंफायचा. ते सामायिक काम ‘__लिस्ट_ॲड’मध्ये काढून ठेवलं आहे. त्याला मागचा आणि पुढचा घटक आपणच सांगावा लागतो. म्हणून ते दोन अंडरस्कोर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यासारखे आहेत. आत यायला बंदी नाही, पण कुठे काय ठेवलंय हे ठाऊक असलेल्यानेच यावं.

अक्षरांची तंगी संपल्यावर शिस्तही बदलली. लिनक्सच्या लेखनशैलीचा दस्तऐवज सांगतो की सक्रिय वापरकर्ते मोजणाऱ्या सामायिक फंक्शनचं नाव ‘काउंट_ॲक्टिव्ह_यूजर्स’ असं पूर्ण लिहावं, ‘सीएनटीयूएसआर’ असं आखडून नाही.

या कथेचं एक पान पुण्याचं आहे. एका संगणकाचा कर्नेल दुसऱ्या संगणकावरून तपासण्याचं ‘केजीडीबी’ हे साधन पुण्याच्या अमित काळे यांनी बरीच वर्षं जोपासलं. नावातला ‘के’ कर्नेलचा, आणि जीडीबी हे आधीपासूनचं डीबगर. हे साधन मुख्य लिनक्सबाहेर, वेगळ्या पॅचच्या रूपात होतं, तेव्हा चालता कर्नेल मधेच थांबवणाऱ्या फंक्शनचं नाव नुसतं ‘ब्रेकपॉइंट’ होतं. वापरणारे मोजके, सगळे एकाच घरातले, त्यांना तेवढं पुरत होतं. २००८ साली २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी मुख्य कर्नेलात आलं, तेव्हा ते फंक्शन ‘केजीडीबी_ब्रेकपॉइंट’ झालं.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. ज्याला आपण कधी भेटणार नाही, असा कुणीतरी मध्यरात्री हजारो फाइलींत वाट शोधत असतो. फंक्शन कुठल्या घरचं, आत जाण्याआधी काय हाती हवं, हे त्याला नावावरूनच कळावं लागतं. घरातला बापू चौकात आला होता. त्याच्या नावाआधी अक्षरं लागणारच होती.