जादा पाटा, नवे शॉकअप बसवले? घाटात नेण्याआधी गाडी अशी तपासा

शेताच्या वाटेवर, ओढ्यात गाडी खाली टेकते म्हणून बरेच जण बोलेरो किंवा जुन्या थारला मागे जादा पाटा टाकून घेतात, बाहेरचे शॉकअप बसवतात. काम झालं की गॅरेजच्या दारात गाडी दोनदा दाबून बघायची आणि निघायचं, अशी रीत पडली आहे. तेवढ्यावरून फार तर शॉकअप पार मेलाय का, एवढंच कळतं.

पार्ट बसवण्याआधीच सपाट जागी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना टेपने मोजून लिहून ठेवावं. बसवल्यावर पुन्हा मोजावं आणि नेहमीचा माल भरून आणखी एकदा. कारण जादा पाट्याची गाडी रिकामी असताना टणक होते. खडीवर मागचं चाक उडतं, पकड सुटते.

मग बंपस्टॉपच्या रबराला ओला चुना लावून ओळखीच्या खराब रस्त्यावर हळू फेरी मारावी. समोरच्या लोखंडावर चुन्याचा ठसा उमटला, तर गाडी तळाला आपटतेय. आल्याआल्या दोन्ही मागच्या शॉकअपना हाताची मागची बाजू लावावी. एक कोमट आणि दुसरा थंड लागला, तर थंड असलेला काम करत नाही. तेल पाझरतंय का, तेही बघावं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ब्रेकची. गाडी उंच झाली की ब्रेकचा रबरी पाइप तोकडा पडू शकतो. चेसीला जॅक लावून, खाली स्टँड देऊन चाक पूर्ण लोंबू द्यावं. पाइप ताणला गेला तर तशी गाडी बाहेर काढूच नये. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला दांडी जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती दबली, यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटा वाढवला की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि उतारावर मागचे ब्रेक कमी लागतात. मिस्त्रीला ही दांडी पुन्हा सेट करायला सांगावं. बहुतेक वेळा ते राहूनच जातं.

नवे पाटे बसले की यू-बोल्ट सैल पडतात. काहीशे किलोमीटरनंतर ते कंपनीच्या मापाने पुन्हा आवळून घ्यावेत. हेडलाइटचा झोतही बदलतो, तो पुन्हा सेट करावा.

कायद्याचंही बघावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. कलम 182-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे आधी आरटीओत विचारावं, विमा कंपनीला कळवावं आणि काढलेले जुने पाटे लगेच भंगारात देऊ नयेत.