खडकावरचं शहर, डोंगरातलं पाणी

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाच्या जमिनीचे दोन भाग केलेले दिसतात. एक काळी, दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण. मातीच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या पडत आणि पुन्हा उठत राहिल्याने जिथली माती फिकट झाली, ती जागा. ही वाटणी केवळ महसुलाच्या सोयीसाठी नव्हती. काळ्या मातीवर घर धड टिकत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया हलवते. मुरमावर, खडकावर भिंत मजबूत उभी राहते, पण तिथे ज्वारी येत नाही. म्हणून आपल्याकडचा शहाणा माणूस पिकाला काळी आणि चुलीला पांढरी देत आला.

मराठवाड्यातलं सर्वात मोठं शहर याच हिशेबाने वसलं. त्याच्या पहिल्या नावातच खडक आहे. खडकी. पुढे ते फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि २०२३पासून छत्रपती संभाजीनगर. या नावांवर गेल्या तीन-चार दशकांत इतकं बोललं गेलंय, इतक्या निवडणुका लढल्या गेल्यात की, हे शहर नेमकं इथेच का वसलं, हा साधा प्रश्न मागे पडला. मला तोच घ्यायचाय.

शहरापासून जेमतेम १५ किलोमीटरवर दौलताबाद आहे. यादवांची देवगिरी. राजधानी म्हणून या जागेचा लौकिक जुना. उभा कातळ, तासून गुळगुळीत केलेली कडा, भोवती खंदक. १३२७ साली मुहंमद तुघलकाने इथे राजधानी आणली, तेव्हा त्याला वेडा ठरवणाऱ्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकत आलोय. मला त्या पटत नाहीत. दक्षिणेवर राज्य करायचं तर दक्षिणेत दुसरं केंद्र हवं, हे त्याचं गणित चुकीचं नव्हतं. माणसांना जबरदस्तीने हलवणं चुकीचं होतं. त्याच लोंढ्यात आलेल्या सूफींनी पुढे खुलदाबादेत मुक्काम केला. दक्षिणेच्या सांस्कृतिक इतिहासाला त्याने वेगळं वळण दिलं, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

इथे मुद्दा इतकाच की, चांगला किल्ला आणि चांगलं शहर यांना लागणारी जमीन वेगवेगळी असते. किल्ल्याला अवघड जागा हवी, शहराला सोपी. किल्ल्यात वर्षभर पुरेल इतकं साठवलेलं पाणी चालतं. शहराला मात्र वाहतं पाणी लागतं, बाजाराला मोकळी जागा लागते, बैलगाड्यांना सपाट वाट लागते.

हा फरक ओळखणारा माणूस म्हणजे मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये पोहोचलेला हा हबशी सरदार. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं होतं. चंगेजखान स्वतःही पूर्वी गुलामच होता. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं. अंबरने मुर्तजा निजामशाह दुसरा याला गादीवर बसवून राज्य पुन्हा उभं केलं. पण राजधानी कुठे ठेवायची? परांडा झालं, जुन्नर झालं. अखेर १६१०च्या सुमारास तो दौलताबादच्या परिसरात आला आणि किल्ल्याऐवजी खाली, खाम नदीच्या काठी, खडकीत त्याने शहर वसवायला घेतलं.

जागेची निवड बघा. उत्तरेला डोंगररांग, दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर, मध्ये रुंद खोलगट पट्टा. उत्तरेची वाट अजिंठ्याचा घाट उतरून बुऱ्हाणपूरला जाते, दक्षिणेची पैठणला, गोदावरीच्या काठी. पैठणची वाट तर सातवाहनांच्या काळापासूनची. पूर्वेला जालना. युद्ध अंगावर आलंच, तर मागे हटायला दौलताबाद काही तासांच्या अंतरावर. खडकाळ माळ असल्याने वस्तीखाली सुपीक जमीन फारशी जात नव्हती आणि बांधकामाचा दगड जागेवरच मिळत होता.

एकच अडचण होती. पाणी. खाम ही काही बारमाही भरून वाहणारी नदी नव्हे. शहर तिच्या भरवशावर वसलं असतं तर पहिल्याच दुष्काळात उठलं असतं. अंबरने पाणी नदीत शोधलं नाही, डोंगरात शोधलं.

दख्खनचा काळा खडक थरांचा आहे. वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरातून पावसाचं पाणी मुरतं आणि खालच्या घट्ट कातळावर येऊन थांबतं. मग ते उताराने डोंगराच्या पायथ्याकडे हळूहळू सरकतं. पायथ्याशी योग्य खोलीवर विहिरी खोदल्या, त्या जमिनीखालून बोगद्याने जोडल्या, की ठिकठिकाणचा झिरपा एका धारेत गोळा होतो. नहर-ए-अंबरी ती हीच. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्यापासून निघालेली ही नहर जमिनीच्या पोटातून शहरात आली. वाटेत ठरावीक अंतरावर साफसफाईसाठी उतरायची तोंडं होती, गाळ बसायला खड्डे होते आणि कोंडलेली हवा बाहेर पडावी, पाण्याचा जोर आवरावा म्हणून बांधलेले मनोरे होते. शहरात शिरल्यावर हे पाणी खापराच्या नळांतून मशिदींच्या हौदांत, कारंज्यांत, मोहल्ल्यांत वाटलं जाई. सगळा खेळ उताराचा. ना मोट, ना रहाट. पाणी झाकलेलं असल्याने उन्हात उडत नसे आणि वेढा घालणाऱ्या शत्रूला सहज सापडतही नसे.

ही विद्या अंबरने शून्यातून निर्माण केली, असं काही अभिमानी लिखाणात वाचायला मिळतं. तसं म्हणायची गरज नाही. इराणमध्ये कनातींची परंपरा फार जुनी आहे. निजामशाहीच्या अहमदनगरलाही कापूरवाडी, शहापूर, वडगावकडून नहरींनी पाणी येत होतंच. अंबरचं मोठेपण क्रमात आहे. इतरत्र आधी शहर वाढलं, मग पाणी आणलं गेलं. खडकीत शहर आणि पाणी यांची आखणी एकाच दशकात, एकाच डोक्यातून झाली.

आणखी एक गंमत. त्याच दशकात, १६१५च्या सुमारास, बुऱ्हाणपूरला सातपुड्याच्या पायथ्याचं भूजल याच पद्धतीने शहरात आणलं जात होतं. तिथला कुंडी भंडारा आजही बघता येतो. तो ज्याच्या अमदानीत झाला तो अब्दुर्रहीम खानखानान म्हणजे दख्खनमध्ये अंबरशी वर्षानुवर्षं झुंजलेला मोगल सेनापती. दोन शत्रू, दोन छावण्या, आणि जमिनीखाली दोघांचंही काम एकच.

खडकीला शांतता मात्र फार लाभली नाही. १६१६च्या लढाईनंतर मोगल फौजांनी ती जाळली. सावरते न सावरते तोच १६२१ साली पुन्हा जाळली. दोन्ही वेळा शहर त्याच जागी परत उभं राहिलं. घरं जळतात, बाजार लुटला जातो. जमिनीखालची नहर जळत नाही. ज्या ठिकाणी पाणी येतं त्या ठिकाणी माणूस परत येतो. शहराच्या चिवटपणाचं कारण मला तरी यातच दिसतं.

वस्तीची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. मधोमध राजाची जागा आणि बाजार, भोवती पुरे. एकेका सरदाराला जमीन द्यायची, त्याने आपली माणसं, कारागीर, घोडे तिथे वसवायचे, त्याच्या नावाने पुरा ओळखला जायचा. अंबरच्या फौजेत मराठे मोठ्या संख्येने होते. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा या पुऱ्यांची नावं भोसले घराण्यातल्या सरदारांशी जोडली जातात. पुढे मोगल आले तेव्हा रीत तीच राहिली, फक्त नावं राजपूत झाली. जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, करणपुरा आणि पदमपुरा बिकानेरकरांचा, पहाडसिंगपुरा बुंदेल्यांचा, भावसिंगपुरा बुंदीच्या हाडांचा. हबशाने वसवलेल्या, मोगलाने वाढवलेल्या या शहरात नवरात्रातली सर्वात मोठी जत्रा करणपुऱ्यात भरते, ती या जमीनवाटपाची देणगी.

औरंगजेब १६५३ला दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा त्याला तयार शहर मिळालं. १६६७च्या सुमारास इथे येऊन गेलेल्या थेवेनो या फ्रेंच प्रवाशाने एवढ्या मोठ्या शहराला तट नाही, अशी नोंद केलीय. तट आला १६८०च्या दशकात, बादशहा स्वतः मुक्कामाला आल्यावर. म्हणजे ज्या दरवाजांवरून आपण या शहराला ओळखतो, ते बहुतेक नंतरचे. भडकल दरवाजा मात्र अंबरच्या काळातला, मोगलांवरच्या विजयाचा. दरवाजांची नावं वाचली तर रस्त्यांचा नकाशाच हाती येतो. उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का. आणि खुलदाबादकडे तोंड केलेला रोजा दरवाजा, कारण खुलदाबादचं लोकांच्या तोंडचं नाव रोजा.

तटाच्या आत शहागंज, सराफा, कासारी बाजार, कुंभारवाडा. धंद्यावरून जागा आणि जागेवरून ओळख. लोटा कारंजासारख्या मोहल्ल्यांच्या नावांत नहरीचं पाणी अजून ऐकू येतं. मोठ्या रस्त्यावर दुकानं, त्यातून फुटणाऱ्या गल्ल्या, गल्लीच्या शेवटी बंद होणारी वाट आणि तिथे घरांची दारं. अरुंद गल्लीत दुपारी सावली राहते, परका माणूस चटकन ओळखू येतो, बायका-मुलांना दाराबाहेर मोकळं बसता येतं. मी हे मुद्दाम लिहितोय. जुन्या शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यांचा उल्लेख आता ‘दाटीवाटीची, अनियोजित वस्ती’ असाच होतो. रस्ता रुंदीकरणाचा आराखडा आला की लाल रेघ आधी इथे पडते. तिथे आज दाटी आहे, हे खरंच. एका कुटुंबाच्या वाड्यात आठ कुटुंबं राहिली की ती होणारच. पण नियोजन नव्हतं, हे खोटं.

१७६३ साली निजाम अलीखानाने राजधानी हैदराबादला नेली आणि शहराचा दिमाख ओसरला. दरबार गेला तशी नहरींची निगा राखणारी यंत्रणाही हळूहळू विरली. १९४८च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर उरलीसुरली घडीही विस्कटली. साठच्या दशकात चिकलठाण्याला एमआयडीसी आली, सत्तरच्या दशकात सिडको, मग वाळूज. चिकलठाणा या नावात मला चिखल ऐकू येतो आणि वाळूजमध्ये वाळू. हा माझा कानाचा खेळ समजा. पण शहर खडकावरून उतरून शेतांत पसरलं, हे मात्र डोळ्यांना दिसतं. काळी-पांढरीचा जुना हिशेब इथे मोडला. आता वस्तीची दिशा जमिनीचा भाव आणि रस्ता ठरवू लागले, पाणी मागाहून बघू असं झालं.

ते मागाहून आलं जायकवाडीहून. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती, आज ती बरीच वाढलीय. या माणसांसाठी पाणी ४० किलोमीटरहून लांबून, शंभर मीटरहून खालच्या पातळीवरून पंपांनी वर चढवलं जातं. वीज गेली की पाणी गेलं. नळ कधी चार दिवसांनी, कधी आठवड्याने येतो आणि त्या दिवशी घरातलं कुणीतरी कामावर दांडी मारतं. एवढ्या लोकसंख्येला नहरी पुरल्या असत्या, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण मशिदीचा हौद, बाग, धुणं-भांडी, एखाददुसरा मोहल्ला इतकं तरी त्यांनी आजही उचललं असतं. त्याऐवजी नहरीच्या वाटेवर पाये खोदले गेले, बोअर मारले गेले, कुठे मनोरा पाडून प्लॉट सरळ करून घेतला गेला. पायथ्याचा माळ, जिथे पाऊस मुरायचा, तिथे फरशी आली. नहर कोरडी पडली नाही, तिला कोरडं पाडलं गेलं.

पाणचक्की तेवढी सगळ्यांना ठाऊक. महमूद दरवाजाच्या बाहेर, खामच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात. तिची नहर वेगळी. दूरच्या डोंगरातलं पाणी उंच भिंतीवर चढून हौदात कोसळतं आणि त्या जोरावर जातं फिरतं. इथे दर्ग्यात येणाऱ्या फकीर-मुसाफिरांचं पीठ दळलं जायचं. राज्याच्या वक्फ मंडळाचं कार्यालयही याच आवारात आहे, जमिनींचे वाद घेऊन जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं येतात आणि हौदाच्या कठड्यावर बसून आपला नंबर लागायची वाट बघतात. पावसाळ्यानंतर धार जाड असते. मार्च उलटला की ती बारीक होत जाते.